भोंग्याचा आवाज फाटतो तेव्हा

लग्नसराईत बीड, गेवराई, माजलगाव, केज या भागात संध्याकाळी एखाद्या गावातून जायची वेळ आली, तर वरात दिसण्याआधी ऐकू येते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा टेम्पोवर जनरेटर, शेजारी ॲम्प्लिफायर, वर वेगवेगळ्या दिशांना तोंडे केलेले भोंगे आणि मधोमध बँजो घेऊन बसलेला वादक. अलीकडे अनेक ठिकाणी डीजेच्या भिंतींनी बँजो पार्टीला मागे सारले आहे; तरीही तो आवाज ओळखीचा नाही असा मराठवाड्यातला विद्यार्थी विरळाच. तार छेडली की क्षणात विरून जाणारा बारीक किणकिणाट तो नव्हे. सनईसारखा लांबणारा, थोडा खरखरीत, गर्दीला कापत जाणारा असा तो आवाज असतो.

त्याच गावात, तशाच भोंग्यांवर, काही दिवसांनी हरिनाम सप्ताह असतो. कीर्तनकार बुवा वरच्या पट्टीत जातात, टाळकरी जोर धरतात आणि मंडपातून कोणीतरी माईकवाल्याला ओरडून सांगते, "आवाज फाटतोय, कमी कर!" माईकवाला बटण खाली आणतो. बँजोच्या वेळी मात्र वादक स्वतःच बटण वर नेतो. तिथेही आवाज फाटलेलाच असतो, पण कोणी तक्रार करत नाही, उलट लोक नाचतात.

यंत्र तेच आणि दोषही तोच. मग एका वेळी तो दोष आणि दुसऱ्या वेळी गुण कसा ठरतो? नववी-दहावीच्या वर्गात विचारून पाहण्याजोगा हा प्रश्न आहे. अमेरिका-युरोपातले इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे साठ-सत्तर वर्षे याच प्रश्नावर वाद घालत आले आहेत. कोणता ॲम्प्लिफायर आवाज 'चांगला' फाडतो, व्हॉल्व्हचा की ट्रान्झिस्टरचा, हा त्यांचा वाद. त्या वादात बरेच विज्ञान आहे आणि बरीच समजूतही. दोन्ही वेगळे करून पाहू.

प्रथम वाद्याविषयी. आपला बँजो म्हणजे अमेरिकेतला चामडे मढवलेला बँजो नव्हे. १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले 'ताइशोगोतो' नावाचे तंतुवाद्य तयार केले. ते भारतात आले आणि बुलबुलतरंग झाले. डाव्या हाताने कळ दाबली की तारेची कंप पावणारी लांबी कमी होते आणि स्वर चढतो. उजव्या हाताने तार छेडायची. एकाच कळीखाली दोन-तीन तारा एकदम दाबल्या जातात. वरातीतल्या बँजोत तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तार असे 'पिकअप' बसवलेले असते. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत दाब निर्माण होतो. हे फॅरेडेचेच प्रवर्तन, आणि इलेक्ट्रिक गिटारमध्येही तेच. म्हणजे विद्युत दृष्टीने वरातीतला बँजो हा इलेक्ट्रिक गिटारचा सख्खा भाऊ आहे.

आता 'फाटणे' म्हणजे काय ते पाहू. ॲम्प्लिफायरचे काम सोपे वाटते: आत आलेला दाब ठरावीक पट मोठा करून बाहेर द्यायचा. पण कोणताही ॲम्प्लिफायर त्याला मिळणाऱ्या वीजपुरवठ्याच्या दाबापेक्षा मोठा दाब बाहेर देऊ शकत नाही. पुरवठा अधिक-उणे ३० व्होल्टचा असेल आणि आत आलेला संदेश १०० व्होल्टपर्यंत वाढवायला सांगितला, तर ३० व्होल्टला तरंगाचे डोके कापले जाते. फळ्यावर एक सुबक तरंग काढावा आणि त्याच्या शिखरांचा व दऱ्यांचा काही भाग डस्टरने सपाट पुसून टाकावा, की फाटलेल्या आवाजाचे चित्र तयार होते.

ही कापाकापी कानाला कशी ऐकू येते हे समजायला गणितापेक्षा सरगम अधिक उपयोगी पडते. फुरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, पुन्हा पुन्हा तसाच येणारा कोणताही तरंग हा मूळ वारंवारता आणि तिच्या पटीतल्या वारंवारता यांच्या साध्या तरंगांची बेरीज म्हणून लिहिता येतो. मध्य षड्ज २४० हर्ट्झचा धरू. त्याची दुप्पट ४८०, म्हणजे तार षड्ज. तिप्पट ७२०, म्हणजे तार सप्तकातला पंचम. चौपट ९६०, पुन्हा षड्ज. पाचपट १२००, म्हणजे गंधार. तंबोऱ्यात ऐकू येणारा 'स्वयंभू गंधार' असाच पाचव्या पटीतून येतो. सहापट पुन्हा पंचम. इथपर्यंत सगळी मंडळी घरचीच आहेत. सातपट मात्र १६८०. त्या सप्तकात पेटीचा कोमल निषाद सुमारे १७१० वर असतो, म्हणजे हा पाहुणा आपल्या सप्तकातला कोणीच नव्हे. नववा पट ऋषभाचा आहे, पण पुढे अकरावा, तेरावा पुन्हा परके.

साधा तरंग ॲम्प्लिफायरने कापला की हे पटीतले स्वर नव्याने जन्माला येतात. ते वाद्यात नव्हते, यंत्राने घातले. हलके कापले तर दुसरा, तिसरा, पाचवा असे जवळचे स्वर थोडे येतात आणि आवाज भरलेला, जाड वाटतो. कडक कापले तर वरचे परके स्वरही जोराने येतात आणि आवाज करवतीसारखा होतो. तरंग इतका कापला की अगदी चौकोनी झाला, तर फक्त विषम पट उरतात: तिसरा मूळ स्वराच्या एकतृतीयांश, पाचवा एकपंचमांश, सातवा एकसप्तमांश आकाराचा. वरून आणि खालून सारखेच कापले तर फक्त विषम पट येतात. एका बाजूने जास्त कापले तर सम पटही येतात. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टरचा सगळा वाद या दोन वाक्यांवर उभा आहे.

जुन्या शिक्षकांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण दाबल्यावर अर्धा मिनिट गप्प राहायचा, मग आत केशरी उजेड दिसू लागायचा आणि हळूहळू आवाज यायचा. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. तापलेल्या ऋण अग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धन अग्राकडे ओढले जातात. एवढ्याची नळी फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये केली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये एक जाळी बसवली. जाळीवरचा दाब किंचित बदलला की इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह कमी-जास्त होतो; धरणाच्या दाराची चावी फिरवावी तसे. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओतून, मग भोंग्याच्या ॲम्प्लिफायरमधूनही व्हॉल्व्ह गेला. एका क्षेत्रात मात्र तो टिकला, आणि ते क्षेत्र म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर.

गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हॉल्व्हचे नाव १२एएक्स७. युरोपात त्यालाच ईसीसी८३ म्हणतात. एका काचेत दोन तीन-अग्री व्हॉल्व्ह असतात आणि प्रत्येक जण प्रत्यक्ष मांडणीत संदेश सुमारे पन्नास पट वाढवतो. आता हिशेब पाहा. तार जोराने छेडली तर पिकअपमधून साधारण ०.१ व्होल्ट मिळतो. पहिल्या टप्प्यानंतर तो ५ व्होल्ट झाला. पण पुढच्या टप्प्याच्या जाळीला दीड व्होल्टच्या आसपासचा संदेशच सरळपणे झेपतो. म्हणजे दुसऱ्याच टप्प्यावर कापाकापी सुरू झाली. तिथून पुन्हा पन्नास पट, पुढे पुन्हा पन्नास पट. तीन टप्प्यांचा गुणाकार सव्वा लाख होतो. प्रत्यक्षात मध्ये रोध बसवून संदेश कमी केला जातो, तरीही शेवटच्या टप्प्यावर पोचेपर्यंत तरंग पुन्हा पुन्हा कापला गेलेला असतो. यालाच गिटारवाले 'हाय गेन' म्हणतात. आपण अतिवर्धन म्हणू.

सुरुवातीला हे कोणाला हवे होते असे नाही. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास पहिला मार्शल ॲम्प्लिफायर तयार झाला, तो अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या एका ॲम्प्लिफायरवरून. हेतू मोठ्या आवाजाचा होता. मोठ्या आवाजात तो छान फाटतो हे वाजवणाऱ्यांनी शोधले. १९६४ मध्ये किंक्स या इंग्लिश वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस यांनी तर स्पीकरचा कागद पात्याने चिरून हवा तो खरखराट मिळवला. पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी मेसा-बूगी ॲम्प्लिफायरमध्ये जास्तीचा व्हॉल्व्ह-टप्पा घातला, म्हणजे कमी आवाजातही मनसोक्त फाडता यावे. दोष मुद्दाम बांधून विकायला तिथे खरी सुरुवात झाली.

अतिवर्धनाचा एक परिणाम बँजोच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. छेडलेल्या तारेची कंपने भराभर विरतात. समजा ती विसाव्या हिश्श्यावर आली: ०.१ व्होल्टचे ०.००५ झाले. पहिल्या दोन टप्प्यांत ते अडीच हजार पट वाढून साडेबारा व्होल्ट होतात, म्हणजे तिसऱ्या टप्प्यावर अजून कापलेच जाणार. आत तार विरत चालली आहे, पण बाहेरचा आवाज तेवढाच आहे. कापलेला तरंग काठोकाठ भरलेल्या हौदासारखा असतो. नळाची धार निम्मी झाली तरी हौदातली पातळी तीच दिसते. किणकिणणारे वाद्य सनईसारखे लांब सूर धरू लागते ते असे. माझा तर्क असा आहे की वरातीत सनईची जागा बँजोला घेता आली, ती कळांमुळे जितकी तितकीच या फाटण्यामुळे.

बीडच्या भोंग्यामागचा ॲम्प्लिफायर आज व्हॉल्व्हचा नाही, ट्रान्झिस्टरचा आहे. आणि ट्रान्झिस्टर आवाज 'वाईट' फाडतो अशी तर ख्याती. ती कितपत खरी?

१९७३ मध्ये रसेल हॅम यांचा एक लेख अमेरिकेतील ध्वनी-अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांत कानाला कळणारा फरक आहे का, हा त्याचा विषय. त्यांनी मायक्रोफोनचे ॲम्प्लिफायर मोजले आणि दाखवले की मर्यादेच्या आत असताना फरक नगण्य असतो. मर्यादा ओलांडली की व्हॉल्व्हमध्ये दुसरा पट ठळक येतो, ट्रान्झिस्टरमध्ये तिसरा. या लेखातून एक सुटसुटीत समजूत पसरली: व्हॉल्व्ह म्हणजे सम पट म्हणून गोड, ट्रान्झिस्टर म्हणजे विषम पट म्हणून कर्कश. हे अर्धसत्य आहे. एकट्या व्हॉल्व्हचा टप्पा वरून आणि खालून वेगवेगळा कापतो, म्हणून सम पट येतात, हे बरोबर. पण मोठ्या ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह जोडीने, एक ओढणारा आणि एक ढकलणारा, असे लावलेले असतात आणि त्या मांडणीत त्या टप्प्याचे सम पट एकमेकांना खाऊन टाकतात. तिथला व्हॉल्व्हही मुख्यतः विषम पटच देतो. शिवाय तिसरा पट म्हणजे पंचम. त्याला कर्कश कोण म्हणेल?

खरा फरक कापण्याच्या धारेत आहे. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये बाहेरचा संदेश उलटा करून पुन्हा आत देतात आणि चूक सुधारत राहतात. ही ऋण प्रतिपोषणाची युक्ती हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये कामावर जाताना नावेत सुचली. तिच्यामुळे ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत सरळ चालतो आणि मर्यादेला टेकला की एकदम कड्यावरून पडतो. तरंगाला तीक्ष्ण कोपरा येतो, आणि तीक्ष्ण कोपरा म्हणजे फार वरचे परके पट. व्हॉल्व्हच्या गिटार-ॲम्प्लिफायरमध्ये हे प्रतिपोषण कमी असते. तो आधीपासूनच थोडा वाकत जातो आणि कोपरा गोल राहतो. बीड घाटाचा उतार आणि विहिरीचा काठ यांतला हा फरक.

मग भोंग्यावरचा बँजो करवतीसारखा का वाटत नाही? कारण भोंगा स्वतःच चाळणी आहे. भोंग्याचे युनिट साधारण ३०० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यातच नीट आवाज देते. त्याच्या वरचे परके पट तो बाहेर पडूच देत नाही. गिटारवाल्यांच्या पेटीत बारा इंची कागदी स्पीकर असतो, आणि तोही ५००० हर्ट्झच्या आसपास वरचे स्वर सोडून देतो. गिटारच्या फाटलेल्या संदेशाचे ध्वनिमुद्रण स्पीकर टाळून थेट हेडफोनवर ऐकले तर माशी कानात शिरल्यासारखे वाटते. म्हणून ॲम्प्लिफायरची तुलना करताना व्हॉल्व्हच्या नावांवर तासन्‌तास बोलणारे जाणकार स्पीकरविषयी दोन वाक्ये बोलून थांबतात, तेव्हा मला गंमत वाटते. मोठा वाटा चाळणीचा असतो. तीही कुठे बसवली आहे याला महत्त्व आहे. कापण्याआधीच खालचे स्वर कमी केले, तर आवाज आटोपशीर राहतो. तसेच ठेवले तर गढूळ होतो. कापल्यानंतर कमी केले तर आवाज फक्त पातळ होतो, गढूळपणा आतच राहतो. दोन अतिवर्धन ॲम्प्लिफायर वेगळे ऐकू येतात ते बहुतेक या कारणाने.

भोंग्याची आणखी एक गंमत. ३०० हर्ट्झच्या खाली तो अशक्त, मग २४० चा षड्ज ऐकू कसा येतो? ४८०, ७२०, ९६० हे पट ऐकू येतात आणि त्यांच्यातले अंतर २४० आहे हे पाहून मेंदू मूळ षड्ज आपला आपण भरून घेतो. जितके पट भरपूर तितके हे काम सोपे. म्हणजे फाटल्यामुळे भोंग्यावरचा खालचा स्वर उलट अधिक स्पष्ट होतो!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बुवांच्या वेळीच तक्रार का?

आतापर्यंत आपण एकाच स्वराविषयी बोललो. दोन स्वर एकाच वेळी कापले गेले तर त्यांचे पट तर येतातच, पण त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही येतात. कापणी दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर साधी बेरीज-वजाबाकी न येता 'एकाची दुप्पट वजा दुसरा' अशी फळे येतात. षड्ज २४० आणि पंचम ३६० एकदम वाजवा. वजाबाकी १२०, म्हणजे मंद्र षड्ज. बेरीज ६००, म्हणजे तार गंधार. २४० ची दुप्पट वजा ३६०, पुन्हा १२०. ३६० ची दुप्पट वजा २४० म्हणजे ४८०, तार षड्ज. कुठूनही मोजा, फळ सुरातच पडते. षड्ज आणि गंधार घ्या. शुद्ध गंधार ३०० असता तर वजाबाकी ६० म्हणजे अतिमंद्र षड्ज आला असता. पण गिटारवर आणि पेटीवर गंधार सुमारे ३०२.४ असतो. वजाबाकी ६२.४ येते आणि ती ६० च्या षड्जाशी भांडते. अतिवर्धन वापरणारे गिटारवादक तीन स्वरांचे मेळ टाळून नुसते षड्ज-पंचम वाजवतात, त्याचे कारण हे अंकगणित आहे, फॅशन नंतरची.

सप्ताहात काय होते? एकाच माईकमध्ये बुवांचा गळा, मृदंग, टाळ आणि पेटी. मृदंगाच्या डाव्या पुडीचा ठोका १०० हर्ट्झचा आणि बुवांचा स्वर २४० चा धरू. बेरीज ३४०, म्हणजे तीव्र मध्यमाच्या जवळ. वजाबाकी १४०, म्हणजे ऋषभ आणि कोमल गंधार यांच्या मधला कुठला तरी बेवारस स्वर. दुप्पट घेतल्यावर ३८० आणि ५८०. टाळाच्या आवाजात तर एकमेकांच्या पटीत नसलेल्या अनेक वारंवारता असतात आणि त्या प्रत्येकीची गळ्यातल्या प्रत्येक पटाशी अशी जोडी जमते. सुराशी नाते नसलेल्या ध्वनींचा हा चिखल म्हणजेच मंडपातल्या माणसाने ऐकलेले 'फाटणे'. शिवाय ठोका पडला की सगळी मर्यादा तोच खातो आणि गळा क्षणभर दबतो. बँजो मात्र स्वतःच्या वेगळ्या तारेने ॲम्प्लिफायरला जोडलेला असतो आणि एका वेळी एकच स्वर वाजवतो. ढोल-ताशा माईकशिवाय बाजूला वाजत असतो. बेरीज-वजाबाकी करायला त्याच्याजवळ दुसरे कोणी नसते.

शब्द मात्र फाटूनही कळतात. १९४० च्या दशकात अमेरिकेत लिकलायडर यांनी माणसाचे बोलणे इतके कापले की फक्त चौकोनी तरंग उरले. तरी ऐकणाऱ्यांना बहुतेक शब्द समजले. यात्रेतल्या भोंग्यावर 'हरवलेल्या मुलाच्या आईने मंडपाजवळ यावे' हे कळते ते त्यामुळेच.

आता तुलनेविषयी, कारण वादाचा खरा गोंधळ तिथे आहे. दोन ॲम्प्लिफायर शेजारी ठेवून 'हा गोड, तो कोरडा' म्हणणे सोपे असते. पण एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा अगदी थोडा मोठा असेल, तर तो मोठा आहे असे कानाला जाणवत नाही, तो 'चांगला' आहे असे वाटते. समोर केशरी उजेडाच्या नळ्या दिसत असतील तर कान आणखी हळवा होतो. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर या अभियंत्याने अमेरिकेतील 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना आव्हान दिले: तुमचा कोणताही महागडा ॲम्प्लिफायर आणा, माझा साधा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर मी त्याच्यासारखा करून देतो. त्यांनी व्हॉल्व्हचा निवडला. कार्व्हर यांनी दोघांना एकच संदेश देऊन बाहेर येणाऱ्यांची वजाबाकी केली आणि ती जवळजवळ शून्य होईपर्यंत आपल्या मंडलात बदल केले. संपादकांना शेवटी दोहोंत फरक सांगता आला नाही. आज गिटारचे ॲम्प्लिफायर संगणकात नक्कल करून वापरले जातात, ते याच विचाराचे पुढचे पाऊल.

हा प्रयोग शाळेत करता येतो. संगणकावर 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. २४० हर्ट्झचा साधा स्वर तयार करावा. त्याची एक प्रत कापली जाईल इतकी वाढवावी आणि मग तिचा आवाज कमी करून मूळ प्रतीच्या बरोबरीला आणावा. ही पायरी चुकवली तर सगळा प्रयोग फुकट. मग पडद्याआडून एका विद्यार्थ्याने नाणे उडवून छाप आला तर साधी, काटा आला तर कापलेली प्रत लावावी आणि दुसऱ्याने ओळखावे. दहापैकी किती बरोबर आले तर 'खरेच ओळखता येते' म्हणायचे? नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११ आहे, म्हणजे शेकडा एकच्या थोडी वर. आठ किंवा अधिकची १०२४ मध्ये ५६, म्हणजे शेकडा साडेपाच. मुलांना आधी उत्तर ठरवायला लावावे आणि नंतर मोजावे. पुढच्या तासाला कापण्याचे प्रमाण कमी कमी करत न्यावे. कुठल्या तरी पायरीवर वर्गातले सगळ्यात आत्मविश्वासाचे कानही दहापैकी पाच-सहावर येतात.

फाटण्याची किंमत माईकवाल्याला वेगळी मोजावी लागते. तेवढ्याच उंचीच्या साध्या तरंगापेक्षा चौकोनी तरंगात दुप्पट शक्ती असते. पन्नास वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण फाटवला की भोंग्याच्या युनिटकडे शंभर वॅटच्या जवळपास जाऊ लागतात. आतली केसासारखी बारीक तार तापते आणि एका रात्रीत युनिट जळते. 'कंपनीने पन्नास वॅट लिहिले होते' ही तक्रार मग दुकानात ऐकू येते.

कानाचेही गणित तसेच आहे. फाटलेल्या आवाजात चढ-उतार कमी, म्हणून तेवढ्याच शिखरासाठी सरासरी जोर जास्त. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे उरतात. वरातीत भोंग्यापुढे दोन तास नाचणाऱ्या पोराचा हिशेब त्यालाच फळ्यावर करू द्यावा. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद ठेवायला सांगितले आहेत आणि शाळेभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा मानला आहे.

व्हॉल्व्हच्या फार आधी आपल्या कारागिरांना स्वरात स्वर मिसळण्याची ही विद्या वेगळ्या वाटेने साधली होती. तंबोऱ्याच्या घोडीची पाठ सपाट धारेची नसते, किंचित बाकदार असते, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून 'जवारी' काढतात. हलताना तार त्या बाकाला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि एका पटाची ऊर्जा दुसऱ्या पटात जाते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना याच गोष्टीकडे लक्ष वेधले. नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर स्थिर राहणारे पट आवाजात नसतात. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा पट यायला नको. साध्या तारेत ते येत नाहीत. रामन यांना तंबोऱ्यात मात्र असे गैरहजर असायला हवेत ते पट चांगले जोरात मिळाले.

शाळेत किंवा गावातल्या भजनी मंडळाकडे तंबोरा असेल तर एक तास त्यासाठी राखावा. सूत काढून टाकून षड्जाची तार मोजून मध्यावर अलगद छेडावी आणि वरचा षड्ज ऐकू येतो का ते मुलांना विचारावे. मग सूत घालून, जवारी लागेपर्यंत सरकवून, त्याच जागी तेवढ्याच हलकेपणाने पुन्हा छेडावी.